‘येतो’ म्हणून गेलेले यान

मराठी घरातून बाहेर पडताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ असे तोंडातून निघालेच, तर घरातील वडीलधारी मंडळी तत्काळ दुरुस्ती करतात. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, यमुनेच्या काठी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांनीही हा रिवाज सोडलेला नाही. निरोपाच्या या एका शब्दात परतीचे आश्वासन असते. पानिपत आपल्यापासून अवघ्या नव्वद किलोमीटरांवर आहे, आणि आग्रा दोन-अडीचशे किलोमीटरांवर. जाणे वेगळे आणि परत येणे वेगळे, हे या दोन नावांनी मराठी मनाला कायमचे शिकवले आहे. शिवछत्रपतींच्या आग्राभेटीत आपण दरबारातील प्रसंग अभिमानाने सांगतो. पण इतिहास घडला तो तेथून सुखरूप परतण्याच्या योजनेमुळे.

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर लेख लिहिताना मी किल्ले आणि लढाया बाजूला ठेवून एका लहानशा यानाची कथा निवडली आहे. त्यात माणूस नव्हता. ते चंद्रावर गेले नाही, मंगळावर गेले नाही. ते वर गेले, बारा दिवस पृथ्वीभोवती फिरले आणि परत आले. परत येणे हेच त्याचे काम होते. त्याचे नाव स्पेस कॅप्सूल रिकव्हरी एक्सपेरिमेंट, मराठीत सांगायचे तर अवकाशकुपी परत मिळवण्याचा प्रयोग, संक्षेपाने एसआरई-१.

तोपर्यंतचा प्रवास एकेरी होता

भारताचा अवकाश कार्यक्रम वयाने साधारण आपल्या शाळेच्या पिढीचाच. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिला अग्निबाण उडाला. त्या जागेच्या निवडीत डॉ. विक्रम साराभाईंबरोबर कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस होते. थुंब्यात काम करणाऱ्या पहिल्या तरुण अभियंत्यांत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे होते. पुढे ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. १९ एप्रिल १९७५ रोजी ‘आर्यभट्ट’ सोव्हिएत रशियाच्या प्रक्षेपकावरून कक्षेत गेला. १८ जुलै १९८० रोजी आपल्याच एसएलव्ही-३ ने ३५ किलो वजनाचा ‘रोहिणी’ कक्षेत पोहोचवला. त्याआधीचे, ऑगस्ट १९७९ मधले पहिले उड्डाण समुद्रात कोसळले होते.

या साऱ्या उपग्रहांत एक गोष्ट समान होती. त्यांना परत आणण्यासाठी पाठवलेले नव्हते. दळणवळण, हवामान, पीकपाणी यांची माहिती रेडिओलहरींवरून खाली येई. उपग्रह मात्र आयुष्य संपल्यावर वरच राही, नाहीतर हळूहळू खाली घसरत वातावरणात जळून जाई. ‘आर्यभट्ट’ १९९२ मध्ये असाच नष्ट झाला. माहिती परत आणायला रेडिओ पुरतो. माणूस परत आणायला पुरत नाही.

दिल्लीकर मुलांना हा फरक एका ठिकाणी डोळ्यांनी पाहता येतो. तीन मूर्ती भवनाच्या आवारातील नेहरू तारांगणात सोयूझ यानाची परतीची कुपी ठेवलेली आहे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून वर गेले आणि ११ एप्रिलला सोयूझ टी-१० च्या कुपीतून खाली आले. ती ही कुपी. सहलीला गेलेली मुले तिच्यापाशी थबकतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात: ‘बाई, ही अशी भाजल्यासारखी का दिसते?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आपल्या लेखाचा अर्धा विषय आहे.

परतीची वाट कठीण का?

कक्षेतील यान सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने धावते. कॅनॉट प्लेसपासून गुरुग्रामपर्यंतचे अंतर त्याला चार सेकंदांचेही नाही. नववीच्या मुलांना गतिज ऊर्जेचे सूत्र ठाऊक असते: वस्तुमानाचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग. ते येथे लावून पाहिले, तर यानाच्या प्रत्येक किलोमागे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा येते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एवढीच ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे साडेपाचशे किलोचे यान खाली उतरवायचे, तर साडेपाचशे लिटर पेट्रोलाइतकी ऊर्जा काही मिनिटांत कोठेतरी रिचवायची, आणि तीही यानाच्या आतील भाग कोवट राखून.

ही ऊर्जा अग्निबाणांनीच कमी करायची म्हटले, तर वर जाताना लागले तेवढे इंधन परतीसाठीही न्यावे लागेल. ते शक्य नाही. म्हणून हवेलाच ब्रेक करायचे. यानाच्या पुढील हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की ती प्रचंड तापते, तिच्यातील कण विद्युद्भारित होतात, आणि त्या तप्त वेष्टनातून रेडिओसंदेशही काही काळ आरपार जात नाहीत. जमिनीवरील नियंत्रकांना त्या अवधीत यानाशी बोलता येत नाही.

अशा यानाचा आकार कसा असावा? पहिला विचार मनात येतो तो बाणासारख्या टोकदार आकाराचा. अमेरिकेतील एच. ज्युलियन अ‍ॅलन या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या प्रारंभी नेमके उलटे दाखवून दिले. टोकदार वस्तूला तप्त हवा चिकटून वाहते आणि तिला वितळवते. बोथट वस्तू मात्र आपल्यापुढे हवेची एक जाड लाट ढकलत नेते. बरीचशी उष्णता त्या लाटेतच राहते आणि बाजूने निघून जाते. तेव्हापासून परतीची बहुतेक सर्व याने बोथट झाली.

वाट किती निसरडी आहे, हे अनुभवाने जगाला कळले. मे १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने माणसाच्या उड्डाणाची पूर्वतयारी म्हणून एक मानवरहित यान पाठवले. परत आणण्यासाठी त्याचे अग्निबाण पेटवले, तेव्हा यानाचे तोंड चुकीच्या दिशेला होते. ते खाली येण्याऐवजी आणखी वरच्या कक्षेत गेले. ऑगस्ट १९६० मध्ये अमेरिकेने डिस्कव्हरर-१३ ची कुपी पॅसिफिक महासागरातून उचलली. कक्षेतून परत मिळवलेली ती पहिली मानवनिर्मित वस्तू. त्या मालिकेतील आधीची एकही कुपी हाती लागली नव्हती. त्याच महिन्यात बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या सुखरूप परतल्या; डिसेंबरमधल्या उड्डाणातील दोन कुत्र्या मात्र परतल्या नाहीत. एवढे झाल्यावर, १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारीन वर गेले. एका माणसाच्या ‘येतो’ या शब्दामागे किती रिकाम्या यानांची रांग होती, हे त्यावरून ध्यानात येते.

आणि तरीही, चाळीस वर्षांनंतर, १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात दुभंगले. उतरायला सोळा मिनिटे उरली होती. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. तेथील उष्णतारोधक आवरणाला पडलेल्या भगदाडातून तप्त वायू आत शिरला. यानात सात जण होते. त्यांतील कल्पना चावला आपल्या शेजारच्या कर्नालची. त्या आठवड्यात दिल्ली परिसरातील एकही शाळा अशी नसेल, जिच्या प्रार्थनेच्या वेळी तिचे नाव उच्चारले गेले नाही.

एसआरई-१: रचना आणि हेतू

या पार्श्वभूमीवर इस्रोने आपली पहिली परतीची कुपी घडवली. तिचे वजन ५५० किलो, उंची १.६ मीटर आणि तळाचा व्यास २ मीटर. आकार देवळातील घंटेसारखा: पुढे गोलसर बोथट नाक, मग शंकू, मग खाली पसरत गेलेला घेर. अ‍ॅलन यांचा धडा तिच्या अंगावरच लिहिलेला होता.

तिचे कवच दोन प्रकारचे होते. सर्वाधिक ताप सोसणाऱ्या नाकावर कार्बन-फेनॉलिक या पदार्थाचे आवरण होते. हे आवरण उष्णता अडवताना स्वतः थोडेथोडे जळते, झिजते, आणि झिजताना उष्णता बरोबर घेऊन जाते. उरलेल्या पृष्ठभागावर सिलिकाच्या फरश्या बसवलेल्या होत्या. त्या उष्णता आत पोहोचू देत नाहीत. नेहरू तारांगणातील ती कुपी भाजल्यासारखी का दिसते, याचे उत्तर येथे मिळते. तिच्या कवचाने भाजून घेतले, म्हणून आतील माणसे भाजली नाहीत.

कवचाच्या आत दिशा राखणारी, वेग मोजणारी व अग्निबाण चालवणारी यंत्रणा होती, एकामागून एक उघडणारी पॅराशूट होती, आणि पाण्यावर तरंगत ठेवणारी यंत्रणा होती. शिवाय दोन प्रयोग होते. बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था आणि विक्रम साराभाई अवकाश केंद्र यांनी आखलेला एक प्रयोग भट्टीतला होता: गुरुत्वाचा परिणाम जवळजवळ नसताना धातू वितळून पुन्हा गोठतो, तेव्हा त्याचे स्फटिक कसे घडतात, हे पाहण्याचा. दुसऱ्यात जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळेचा सहभाग होता. त्यात अतिसूक्ष्म स्फटिकांची निर्मिती अभ्यासायची होती. दोन्ही प्रयोगांचे नमुने हातात येणे आवश्यक होते.

तरीही हे प्रयोग म्हणजे प्रवासी होते. परीक्षा वाहनाची होती. कक्षेतून अचूक वेळी बाहेर काढता येते का, कवच टिकते का, संपर्क तुटलेला असताना यान स्वतःला सांभाळते का, पॅराशूट क्रमाने उघडतात का, समुद्रात ते सापडते का, हे प्रश्न कागदावर सुटणारे नव्हते.

बारा दिवस आणि नऊ मिनिटे

१० जानेवारी २००७ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी७ ने उड्डाण केले. त्यावर कार्टोसॅट-२ हा आपला उपग्रह, इंडोनेशिया व अर्जेंटिना यांचे दोन छोटे उपग्रह आणि एसआरई-१ असे चौघे होते. त्या वेळी इस्रोचे अध्यक्ष जी. माधवन नायर होते.

या प्रक्षेपकात महाराष्ट्राचा वाटा डोळ्यांत भरण्याजोगा आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात घन इंधन असते. असे इंधन देशातच बनवण्याच्या कामाचे नेतृत्व ज्यांनी केले, ते डॉ. वसंत गोवारीकर पुण्यात जन्मले, इंग्लंडमध्ये शिकून १९६०च्या दशकात थुंब्यात आले आणि १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. पुढे ते दिल्लीत विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. १९८८ पासून वापरात आलेले मॉन्सूनच्या अंदाजाचे प्रारूप हीही त्यांचीच देणगी. त्या पहिल्या टप्प्याच्या मोटारींची पोलादी कवचे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात बनत आली आहेत, आणि दुसऱ्या टप्प्याची ‘विकास’ इंजिने विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात. उसाच्या शेतांमधल्या गावातील कामगाराचा हात अवकाशाला लागला आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

एसआरई-१ सुमारे ६३५ किलोमीटर उंचीच्या कक्षेत फिरू लागले. १९ जानेवारीला परतीची तयारी म्हणून बंगळूरुहून आज्ञा पाठवून तिची कक्षा लंबवर्तुळाकार करण्यात आली. पृथ्वीपासून सर्वांत जवळचा बिंदू ४८५ किलोमीटर, सर्वांत दूरचा ६३९. लखनौ, मॉरिशस, इंडोनेशियातील बियाक, कॅनडातील सास्काटून आणि नॉर्वेतील स्वालबार्ड येथील केंद्रे तिच्यावर नजर ठेवून होती.

२२ जानेवारीची सकाळ. ८ वाजून ४२ मिनिटांनी कुपीला वळवण्यास प्रारंभ झाला. १९६० च्या त्या रशियन यानाची चूक येथेच घडली होती. ९ वाजता वेग कमी करणारे अग्निबाण पेटले आणि दहा मिनिटे चालले. ९ वाजून १७ मिनिटांनी कुपीने पुन्हा तोंड वळवले, आता बोथट नाक पुढे. ९ वाजून ३७ मिनिटांनी, १०० किलोमीटर उंचीवर, ती वातावरणात शिरली. वेग ताशी सुमारे २९,००० किलोमीटर.

५ किलोमीटर उंचीवर पोहोचेपर्यंत हा वेग सेकंदाला १०१ मीटर एवढा उतरला होता. गणित केले तर दिसते की गतिज ऊर्जेचा ९९.९८ टक्के भाग तोवर हवेनेच काढून घेतला होता. उरलेला अंशमात्र भाग पॅराशूटांच्या वाट्याला आला. पण तो अंशही जीवघेणा असतो. लहान पॅराशूटांनी वेग सेकंदाला ४७ मीटरवर आणला, सुमारे २ किलोमीटर उंचीवर मुख्य पॅराशूट उघडले, आणि ९ वाजून ४६ मिनिटांनी कुपी श्रीहरिकोट्यापासून पूर्वेस सुमारे १४० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात ताशी ४३ किलोमीटर वेगाने उतरली. वातावरणाच्या उंबरठ्यापासून पाण्यापर्यंत नऊ मिनिटे. तरंगती यंत्रणा तत्काळ कार्यान्वित झाली. तटरक्षक दल आणि नौदल यांनी जहाजे, विमाने व हेलिकॉप्टरे यांच्या साह्याने तिला शोधून उचलले. भारताने कक्षेत पाठवलेली वस्तू प्रथमच परत हातात आली.

त्यानंतरची वाट

एसआरई-१ मध्ये माणूस बसू शकला नसता. पण तिने दिलेली उत्तरे माणसासाठी होती. १८ डिसेंबर २०१४ रोजी एलव्हीएम-३ या नव्या प्रक्षेपकाच्या पहिल्या चाचणीत ‘केअर’ नावाची ३,७७५ किलोची कुपी १२६ किलोमीटर उंचीवर सोडण्यात आली, व्यास ३.१ मीटर, म्हणजे अंतराळवीरांच्या कुपीच्या मापाची. वीसएक मिनिटांत ती अंदमानजवळच्या समुद्रात उतरली. तिची ३१ मीटर व्यासाची मुख्य पॅराशूट तयार झाली होती आग्र्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत. सुखरूप परतीशी आग्र्याचे नाव दुसऱ्यांदा जोडले गेले, असे एका इतिहासशिक्षिकेच्या मनात आले तर वाचकांनी क्षमा करावी.

५ जुलै २०१८ रोजी प्रक्षेपणतळावरच संकट आले तर कुपीला दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी झाली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी उड्डाण सुरू असताना तशीच सुटका करण्याची चाचणी झाली. त्या दिवशी संगणकाने उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना सर्व थांबवले. कारण शोधले गेले, दुरुस्ती झाली आणि सकाळी १० वाजता यान उडाले. सुमारे १७ किलोमीटर उंचीवर कुपी वेगळी झाली, पॅराशूटांनी उतरली. पाण्यावर मात्र उलटी तरंगताना दिसली. नौदलाच्या पाणबुड्यांनी ती बाहेर काढली. कोणीही याला नापास म्हटले नाही. माणूस बसण्यापूर्वी काय सुधारायचे, याच्या यादीत एक ओळ वाढली.

चाचणी या शब्दाचा अर्थ

मुख्याध्यापिका म्हणून मला या इतिहासातील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ‘चाचणी’ हा शब्द आपल्या शाळेतही रोज वापरला जातो. घटक चाचणीचे गुण हाती आले की घरात कधी पेढे येतात, कधी अश्रू. पालकसभेत ‘किती गुण?’ असे विचारणारे पालक पुष्कळ, ‘कोठे अडते?’ असे विचारणारे थोडे. आपण चाचणीला निकाल समजतो. वास्तविक चाचणी घ्यायची ती प्रसंग येण्यापूर्वी उणीव सापडावी म्हणून. रिकामी कुपी समुद्रात उलटी तरंगली, तर ती बातमी चांगलीच असते, कारण त्या वेळी आत कोणी नसते. सातवीच्या चाचणीत अपूर्णांक अडला, तर तीही चांगलीच बातमी आहे. दुरुस्तीला वेळ आहे. जेथे चूक लपवली जाते, तेथे ती पुढे जाते आणि मोठी होऊन भेटते. कोलंबियाच्या उड्डाणात फोम आदळल्याचे चित्रफितीत दिसले होते. त्या खुणेकडे जेवढे गांभीर्याने पाहायला हवे होते, तेवढे पाहिले गेले नाही.

माझी पालकांना एक विनंती आहे. तपासलेली उत्तरपत्रिका घरी येईल, तेव्हा गुणांच्या चौकटीआधी लाल शाईच्या खुणा मुलाबरोबर बसून पाहाव्यात. आणि माजी विद्यार्थ्यांना एक निमंत्रण आहे. आपल्यापैकी अनेक जण अभियांत्रिकी, वैद्यक, संरक्षण, संशोधन अशा क्षेत्रांत दूरवर पोहोचले आहेत. महोत्सवात आपल्या यशाच्या कथा आम्ही अभिमानाने ऐकूच. पण एखाद्या शनिवारी वर्गात येऊन, जमलेले नव्हते ते काय आणि ते पुढे कसे जमले, तेही मुलांना मराठीतून सांगावे. विज्ञान आपल्या भाषेत मावते की नाही, ही शंका पालकांच्या मनात अधूनमधून डोकावते. ती दूर करण्याचे सामर्थ्य माझ्या भाषणापेक्षा आपल्या तासाभराच्या बोलण्यात अधिक आहे.

शाळेचा निरोप घेताना आपण सर्वांनीच ‘येतो, बाई’ असे म्हटले होते. विज्ञानाच्या वर्गाचे दार शनिवारी सकाळी आठपासून उघडे असते.